खंडेनवमीचा कॉम्प्युटर

आमच्या चिकलठाण्याच्या कंपनीत पाण्याच्या मीटरमधलं लिनक्स एकाच जुन्या कॉम्प्युटरवर बिल्ड व्हायचं, म्हणजे कोडपासून तयार व्हायचं. त्याला लागणारी टूल्स कुणीतरी कधीकाळी तेवढ्याच डबड्यात टाकली होती. वर पाथ्रीकर सरांचा कागद चिकटवलेला: ‘बंद करू नये. बिल्ड फक्त यावरच होतं.’

नवीन आलेली मंजुषा म्हणाली, “सर, लागणारी टूल्स बिल्डसोबतच बांधून दिली, तर ते कुठल्याही मशीनवर होईल.”

“लई शहाणपण नको,” सर म्हणाले. “चालू आहे ते बिघडवू नका.”

खंडेनवमीला सरांनी स्वतःच्या हातानं तो कॉम्प्युटर बंद केला, ओल्या फडक्यानं आतूनसुद्धा पुसला, हळदीकुंकू वाहून हार घातला. पूजेनंतर तो सुरूच होईना. संध्याकाळी कस्टमरला सॉफ्टवेअर द्यायचं होतं. सरांचं तोंड हारातल्या झेंडूपेक्षा पिवळं पडलं.

मंजुषानं टूल्ससकट गुपचूप तयार ठेवलेलं बिल्ड तिच्या, माझ्या आणि रिसेप्शनच्याही लॅपटॉपवर चालवून दाखवलं. “बघा सर, आता कुठंही होतंय.”

सरांनी मान डोलावली. लई समजल्यासारखी.



दसरा करून कामावर आलो, तर जुन्या डबड्यावरचा कागद जपून काढून सरांनी मंजुषाच्या लॅपटॉपवर चिकटवला होता.