आई नाहीतर नवरा

“सोबत कोण आलंय?” क्लेमेंटीन सिस्टरनी विचारलं आणि पुतळाबाई सगळ्यांच्या आधी उठून उभ्या राहिल्या. बाकीच्या बायकांसोबत त्यांचे नवरे होते, इस्त्रीच्या शर्टात, चटईवर मांडी घालून अवघडलेले. तेजस्वीसोबत मात्र साठीच्या पुतळाबाई, नऊवारी सावरत.

वसईतल्या एका लहानशा प्रसूतिगृहाच्या गच्चीवर, पत्र्याखाली, दर बुधवारी हा वर्ग भरायचा. कळा कशा सोसायच्या आणि सोबतच्या माणसानं बाळंत होणारीला कसं सांभाळायचं, हे निवृत्त नर्स असलेल्या क्लेमेंटीन सिस्टर शिकवायच्या. सहा वर्ग पुरे केले की एकाच माणसाला प्रसूतीच्या खोलीत सोडायचे. नियम कडक होता: आई नाहीतर नवरा.

पहिलं बाळंतपण म्हणून तेजस्वी सातव्या महिन्यात विरारहून गिरीजला पुतळाबाईंच्या घरी आली होती. तिचा नवरा हर्षवर्धन कंपनीच्या कामावर नाशिकला अडकलेला. दर बुधवारी सुट्टी त्याला कोण देणार? आणि तेजस्वीला तर बाळंतपणाची एवढी धास्ती, की नुसतं नाव काढलं तरी हात गार पडायचे. एकटी आत गेले तर जिवंत बाहेर येत नाही, असं ती एकदा बोलून गेली. त्याच दिवशी पुतळाबाईंनी ठरवून टाकलं, आत आपण जायचं.

शेजारच्या धोंडूबाईंना हे काही पटलं नाही. पोरं काय शिकून होतात का, आणि ह्या वयात हे लचांड तू गळ्यात कशाला घेतलंस, असं त्यांनी केळीच्या कुंपणावरूनच सुनावलं.

“लग्न मी लावून दिलं,” पुतळाबाई म्हणाल्या. “मग बाळंतपन दुसरं कोन करनार?”

धोंडूबाईंनी चक्क मान डोलावली. हे तसं नवलच.

पहिल्या वर्गात सिस्टरनी सोबतच्या माणसांना आपापला अनुभव सांगायला सांगितलं. नवरे बिचारे एकमेकांची तोंडं बघत बसले. पुतळाबाईंनी मात्र आपल्या मुलाच्या, अल्पेशच्या वेळचं सगळं सांगून टाकलं. दोन दिवस कळा, अंधारी खोली, पाय धरून बसलेल्या चार बायका.

“दुखन्याचं काय नव्हतं सिस्टर,” त्या म्हणाल्या. “काय होतंय ते कोनी सांगत नव्हतं, त्याची भीती.”

सिस्टर म्हणाल्या, माझे सहा वर्ग ह्या बाईंनी एका वाक्यात शिकवले. त्या दिवसापासून पुतळाबाईंचा रुबाब काही विचारू नका. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, कंबर कशी चोळायची, सगळं त्यांना एकदा दाखवलं की पाठ. एका नवऱ्याला तर त्यांनी हाताला धरून शिकवलं.

अडचण एकच होती. दोन कळांमधलं अंतर घड्याळावर मोजायचं, आणि पुतळाबाईंना घड्याळ बघता येत नव्हतं. उभा जन्म वाडीत, ऊन बघून काढलेला.

तेजस्वीनं कपाटाच्या आतल्या खणातून अल्पेशचं मनगटी घड्याळ काढलं. अल्पेश जाऊन चार वर्षं झाली होती. ते घड्याळ तिथे आहे हे पुतळाबाईसुद्धा विसरल्या होत्या, तेजस्वी विसरली नव्हती. तिनं चावी दिली, पट्ट्याला नवं भोक पाडलं आणि आठ दिवसांत त्यांना मोठा काटा, छोटा काटा शिकवला. मग काय! भात किती मिनिटांत शिजतो, धोंडूबाई किती मिनिटं बडबडते, सगळं मोजून झालं.

सहावा वर्ग संपला तेव्हा सिस्टरनी कार्ड भरून दिलं. पुतळाबाईंच्या नावापुढे त्यांनी आपणहूनच ‘आई’ लिहिलं. तेजस्वीनं ते वाचून दाखवलं. पुतळाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण तेजस्वीनं घाईनं कार्ड पर्समध्ये टाकलं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी, भाजी निवडता निवडता तेजस्वीनं त्यांचा हात घट्ट धरला. आधीच्या पुतळाबाई असत्या तर त्यांनी देवाला, रिक्षावाल्याला आणि धोंडूबाईंना एकदमच हाका मारल्या असत्या. आताच्या पुतळाबाईंनी घड्याळ बघितलं. दोन कळांमध्ये वीस मिनिटं. त्यांनी तिला मऊ भात भरवला, अंगणात फिरवलं. पंधरा. पीसीओवरून हर्षवर्धनला निरोप पाठवला. कळा आठ मिनिटांवर आल्या तशी त्यांनी भरून ठेवलेली पिशवी उचलली आणि दोघी निघाल्या.

प्रसूतीच्या खोलीच्या दारात रोझलिन नावाची तरुण नर्स होती. तिनं कार्ड बघितलं, पुतळाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईच ना, असं विचारलं. पुतळाबाईंनी पिशवी छातीशी घट्ट धरली.

“ह्यांना सोडलं नाहीत तर मीही आत येणार नाही,” तेजस्वी दात आवळून म्हणाली.

रोझलिन बाजूला झाली.

आत पुतळाबाई एकसारख्या बोलत होत्या. ही कळ चढतेय, घाबरू नकोस. आता उतरनार. उतरली बघ, आता दोन मिनिटं आपली. तेजस्वीनं त्यांचा हात असा काही दाबला की मनगटावर पट्ट्याचा वळ उठला, पण ती घाबरली नाही. एकदाही नाही. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी मुलगी झाली. वेळ पुतळाबाईंनी सांगितली. रोझलिननं भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली, तर बरोबर निघाली.

बाळ पुसून, गुंडाळून रोझलिननं ते पुतळाबाईंच्या हातात दिलं. मग वाकून बघत हसली.

“नाक बघा. थेट आजीवर गेलंय.”

पलंगावरून तेजस्वी मानेनं नको नको म्हणत होती. पण काम फत्ते झालं होतं, आता कोण बाहेर काढतंय? पुतळाबाईंनी बाळाच्या कपाळावरचा कापडाचा काठ नीट केला.

“माझ्यावर कसं जाईल, बाय? मी हिची सासू. माझा अल्पेश हिचा पहिला नवरा.”