पांढरं पाणी

गोजरबाईचे डोळे पाहताच शालिग्रामनं तिला उजेडात बसवलं. कावीळ उतरवून घ्यायला दर रविवारी रोहिणखेडात त्याच्या ओट्यावर माणसं येत. पिवळे डोळे त्याला नवे नव्हते. पण ही बाई हातापायांना ओरबाडून खाजवत होती, आणि तिचा नवरा किसनराव सांगत होता ते भलतंच होतं. दोन महिन्यांपूर्वी नागपूरच्या गोऱ्या डॉक्टरनं तिची खड्यांनी भरलेली पित्ताची पिशवी काढून टाकली होती. पिशवी गेली तरी पित्ताची नळी आत आहे, ती पुढं आवळू शकते. डोळे पिवळे झाले तर त्याच पावली घेऊन या, असं त्यानं बजावलं होतं.

"मंग इथं काऊन आले?"

"पिशवीच काढून टाकली, तं पित्त येईन कुठून?" किसनराव म्हणाला. "हे साधी कावीळ हाय, महाराज."

शालिग्रामनं परोपरीनं सांगून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तुमच्या हातून उतरली नाही तरच मलकापूरला जाऊन आगगाडी धरतो, एवढंच किसनरावाचं म्हणणं. आणि शालिग्रामच्या हातून उतरली नाही, असं आजवर झालंच नव्हतं.

होणार कसं? आत कोनाड्यात आंब्याच्या सालीच्या रसाची वाटी असे. रस गुपचूप तळव्यांना लावून तो रोग्याचे हात चोळी, वर चुन्याचं पाणी ओती, की थाळीत हळदीसारखं पिवळं उतरे. माणसं निश्चिंत मनानं घरी जात, पथ्य पाळत, आणि बहुतेकांची कावीळ आपसूक ओसरे. नाव शालिग्रामचं होई. बापानं दिलेला वसा. त्यानं कधी पै घेतली नव्हती, मान मात्र पोटभर घेतला होता.

तो आत गेला. बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, नेहमीसारखी वाटी पुढं केली. त्यानं ती बाजूला सारली आणि राखेनं हात घासले, नखांच्या कडांसकट.

ओट्यावर सगळे माना उंचावून बसले होते. त्यानं गोजरबाईचे हात चोळले, चुन्याचं पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. थाळीत पांढरं ते पांढरंच. गोजरबाई वाकून बघतच राहिली. शालिग्रामला तिच्याकडे बघवेना.

"हे माह्या हातची नाही," तो म्हणाला. "आताच्या आता निघा."

किसनराव बैल जुंपायला धावला. महाराजांचा हात गेला, असं पुटपुटत एक म्हातारी नातवाला खांद्यावर टाकून उठली. तिच्यामागं एकेक करत ओटा रिकामा झाला.

अन्नपूर्णाबाई वाटी घेऊन दारात आली.

"भरेलच हाय," ती म्हणाली. "आता कोन येईन इथं?"

शालिग्रामची नजर अजून थाळीतच होती.

"गाडी मलकापूरच्या रस्त्याले लागली का, ते पाह्य."