मागेपुढे

घराच्या वाटणीवरून अबोला धरून बसलेल्या धाकट्या भावाने अचानक बर्फाळ डोंगरांतल्या आठवडाभराच्या ट्रेकला बोलावलं, तेव्हाच थोरल्याची बायको म्हणाली होती, "अहो, जा खुशाल, पण डोळे उघडे ठेवा."

गट मोठा होता, तरी चढावर धाकटा नेमका थोरल्याच्याच मागे. पुढे जा म्हटलं तरी जाईना. अरुंद वाटेवर त्याचा श्वास कानाशी ऐकू यायचा आणि थोरल्याच्या अंगावर काटा यायचा. खिंड ओलांडून उतार लागला, तर हा एकदम पुढे. वाटाड्याच्या कानाला लागला, काहीतरी कुजबुजला, आणि मग दर वळणावर थांबून वर बघत राहिला.

शेवटी थोरल्याच्याने राहवेना. "चढताना मागे, उतरताना पुढे! तुझ्या मनात शिजतंय तरी काय?"

धाकटा कड्याच्या अंगाला दोन्ही पाय रोवून उभा होता.

"तुझा गुडघा लटपटतोय, दादा. कबूल तू करणार नाहीस. म्हणून मी आपला सारखा तुझ्या खालच्या बाजूला राहतो. घसरलास, तर दरीत नाही, माझ्या अंगावर पडशील."