तिसरं

"हे शेवटचे दोघं कोण?" फादरांनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

मंजुश्रीनं मागं वळून पाहिलं. हुलसूरजवळच्या त्या लहानशा कबरस्तानात तिची सासू राजूबाई सासऱ्यांच्या कबरीवरचं गवत उपटत होती. आज दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. घरोघरच्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून द्यायची आणि मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी फादरांनी ती मोठ्यानं वाचायची, ही इथली रीत. राजूबाईला लिहिता येत नाही, म्हणून यादी दरवर्षी सुनेच्या हातची. यंदा सासरे तात्याराव आणि आजेसासू चांगुणाबाईंच्या खाली तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली होती. धनराज-मंजुश्रीची दोन लेकरं.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. हैदराबादचा दवाखाना, लॅबमध्ये तयार झालेले तीन गर्भ, त्यातले दोन एकामागं एक पोटात ठेवले आणि दोन्ही टिकले नाहीत; तिसरा तिथंच गोठवून ठेवलेला. सासूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जवळच्या कोळारच्या कारखान्यातून रजा काढून धनराज तिला न्यायचा आणि घरी सांगायचा, दोस्ताच्या लग्नाला चाललोय.

फादर नवे होते, स्वभावानं मवाळ. या मार्गानं मूल होऊ देणं चर्चला मान्य नाही, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. दत्तक घेणं मात्र पुण्याचं काम, हेही सांगितलं. तेही तिला माहीत होतं. कालच दत्तक केंद्रातून फोन आला होता. दीड वर्षाची मुलगी आहे, उद्या दुपारपर्यंत कळवा. फोटोत त्या पोरीनं एकाच पायात चप्पल घातली होती. बघताक्षणी मंजुश्रीला ती आपली वाटली, आणि तिथंच तिच्या काळजाचे दोन तुकडे झाले. दोन्हीकडं आस लावून बसायचं त्राण धनराजमध्ये उरलं नव्हतं. पोरीला आणू, म्हणाला होता, आणि हैदराबादच्या लोकांना तिसरा गर्भ ठेवू नका म्हणून लिहून देऊ.

"फादर, पहिल्या क्षणापासनं ते लेकरूच असतंय, असं तुमीच शिकवताव ना?"

"हो."

"मग तिसरं तिथं थंडीत पडून हाय. मला त्याला आणायची मनाई. मग आणायचं कुणी?"

फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मिस्साच्या वेळी मात्र त्यांनी ती ओळ गाळली नाही. तात्याराव. चांगुणाबाई. धनराज आणि मंजुश्री यांची दोन लेकरं. लोक दर नावाला म्हणत होते तसंच म्हणाले, प्रभू, त्यांना चिरविश्रांती दे. राजूबाईचे ओठ तेवढे मध्येच थांबले. सुनेला दिवस जावेत म्हणून सहा वर्षं रोज रोझरी म्हणणारी ती बाई. आपण दोनदा आजी झालो होतो, हे तिला आज कबरस्तानात कळत होतं. मंजुश्री मान खाली घालून बोल ऐकायची तयारी करत उभी राहिली.

माणसं पांगल्यावर राजूबाईनं पुडक्यातून दोन मेणबत्त्या काढल्या, नवऱ्याच्या कबरीच्या पायथ्याशी मातीत रोवल्या आणि पेटवल्या.

"आज्यापाशी ऱ्हाऊ देत दोघं," म्हणाली.

मंजुश्रीला हुंदका आवरेना. डोळे पुसून तिनं धनराजला फोन लावला. पोरीला हो म्हणून कळवा, एवढंच बोलली. मग तिसरी मेणबत्ती काढून त्या दोन्हींच्या शेजारी रोवली आणि काडी ओढली. काडी तिच्या हातातच जळत राहिली, बोटाला चटका बसेपर्यंत.

"लाव की," राजूबाई म्हणाली. "कामून थांबलीस?"

"ते अजून जित्तं हाय, आत्या."