दर गुरुवारी यासीन

समेटाच्या विधीसाठी शिंपडायचं पाणी तयार होतं, पिवळा चिकट भात तयार होता, नमाजघराच्या दाराशी बोकडही आणून बांधला होता. हमदियाचं मन मात्र निवत नव्हतं.

निवडणुकीच्या सभेत जैलानीनं कर्ण्यावरून सांगितलं होतं, की आचे प्रांतात सरकारविरुद्ध लढा पेटला होता तेव्हा हमदियाचा नवरा लष्कराचा खबऱ्या होता. मेलेला माणूस उत्तर द्यायला येतो थोडाच! तेवढ्यावर तिचा मुलगा इस्कंदर हरला आणि जैलानी गावप्रमुख झाला. आता समेट झाल्याशिवाय शपथ नाही, असं इमामसाहेबांनी बजावलं होतं.

"चुकलं माझं, मावशी," जैलानी म्हणाला. "सभेत जीभ घसरते. बोकड घ्या अन् झालं गेलं सोडून द्या."

"घसरली ती नेमकी खुर्चीतच जाऊन पडली होय रे?"

इस्कंदरचा हात कमरेच्या कोयत्याकडे गेला. हमदियानं तो धरला. "एका घावात सुटेल तो. मला एवढ्या लवकर सोडायचं नाहीये त्याला."

"हमदिया, तोंडानं केलेली जखम तोंडानंच भरायची, ही आपली रीत," इमामसाहेब म्हणाले. "मेलेल्याची निंदा केलीय त्यानं. काय हवं ते माग."

"बोकड परत न्या. दर गुरुवारी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर, यानं माझ्या नवऱ्याच्या कबरीपाशी बसून कुराणातली यासीन वाचायची. पुढच्या निवडणुकीपर्यंत."

जैलानीचा चेहरा पडला. कबर बाजाराच्या वाटेवर होती, सगळं गाव तिथूनच जायचं. पण कुराण वाचायला नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं मान हलवली.

इमामसाहेबांनी दोघांवर पाणी शिंपडलं. हमदियानं आपल्या हातानं जैलानीला भात भरवला, चांगला मोठा घास. त्याला तो गिळता गिळेना.

गुरुवारच होता. असर होताच जैलानी कबरीपाशी बसला आणि तोंडातल्या तोंडात भराभर वाचू लागला. वाटेवरची माणसं थांबली. हमदिया त्याच्यासमोर येऊन बसली.

"मोठ्यानं वाच," ती कबरीवर हात ठेवून म्हणाली. "त्यांना ऐकू यायचं नाही. तुझा बाप कुठं लपलाय ते सांगेनात, म्हणून शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यानं कान फोडला होता त्यांचा."