निरोप्या

“ह्यांना सांग, मानेवर जळू चढलीय.”

काकू हे वाटाड्याला सांगत होत्या. काका त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

“तिला सांग, मला कळलंय,” काका म्हणाले आणि जागच्या जागी टुणकन उडाले.

जळूपासून वाचवणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे घरी जेवणाच्या टेबलावरच राहिले होते. काढून ठेवले होते काकूंनी, बॅग भरली होती काकांनी. चूक काढून ठेवणाऱ्याची की भरणाऱ्याची, यावर काल संध्याकाळी अभयारण्याच्या विश्रामगृहात, वाटाड्याच्या देखत, कडाक्याचं भांडण झालं होतं. भांडण एका चहात आटोपलं. अबोला मात्र सकाळी त्यांच्याबरोबर जंगलात आला.

वाटाड्याने काकांच्या मानेवरची जळू उपटून फेकली आणि बजावलं, “इथून पुढे निरोपही बंद. धनेशाच्या घरट्याचं झाड जवळ आलंय.”

हे तो प्रत्येकाला सांगे आणि कोणी ऐकत नसे. पर्यटक कुजबुजत, पण त्यांची कुजबुज नदीपलीकडे ऐकू जाई. या मोसमात एकालाही धनेश दिसला नव्हता. रेंजरने तर परवा सांगूनच टाकलं होतं, “तुझ्या वाटेवर नुसती झाडं दिसतात. ती बंद करतो. तू तिकीट खिडकीत बस.” खिडकीच्या नुसत्या विचाराने वाटाड्याचा जीव गुदमरत होता. जंगलाशिवाय त्याला दुसरं काही आवडत नव्हतं.

काका अलीकडच्या एका झाडाच्या मुळावर बसले, काकू दुसऱ्या मुळावर. दोघांचे ओठ घट्ट मिटलेले. एवढे गुणी पर्यटक वाटाड्याने आयुष्यात पाहिले नव्हते.

थोड्याच वेळात पंखांचा घरघराट झाला. धनेश आला. समोरच्या झाडाच्या ढोलीत त्याची मादी स्वतःला चिणून घेऊन अंडी उबवत बसली होती. बाहेर फक्त चोचीपुरती फट. नर घशातून एकेक फळ वर काढून त्या फटीतून तिला भरवू लागला. काकांनी आवाज न करता फोटो काढला. मग त्यांनी खिशात हात घातला, एक लिमलेटची गोळी काढली आणि काकूंकडे न बघताच पुढे केली.

काकूंनी ती घेतली. त्यांचे डोळे भरून आले.

“अहो, बघा ना, किती काळजी घेतोय तिची!”

धनेश भुर्रकन उडाला.

परतीच्या वाटेवर दोघं जे बोलायला लागले ते थांबेनात. कालपासूनचं सगळं साचलेलं होतं. माकडं फांद्या सोडून पळाली. एक हरीण लांबूनच मागे फिरलं. वाटाड्याला बरंही वाटत होतं आणि धडकीही भरत होती.

रेंजरने फोटो पाहिला. दोन बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला.

“फोटो काय, कुठूनही आणता येतो,” तो म्हणाला. “उद्या मी स्वतः येतो. दिसला तर वाट चालू. नाही तर खिडकी.”

“आम्ही पण येणार!” काका-काकू एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणाले म्हणून हसत सुटले.

वाटाड्या रात्रभर कूस बदलत राहिला.

सकाळी ऑफिसात काका-काकू वेळेआधीच हजर होते. काका काकूंच्या बाटलीत पाणी भरत होते. काकू काकांची कॉलर सारखी करत होत्या. दोघांच्या तोंडाला खळ नव्हता. रेंजर चहाचा भरलेला कप घेऊन नुकताच टेबलाशी बसला होता.

वाटाड्याने त्या कपाकडे पाहिलं. एक चहा. तेवढा वेळ पुरणार होता. त्याने कपाटातून स्वतःचे जळूचे मोजे काढले आणि दोघांच्या मधोमध ठेवले.

“काकू, कालपासून एक विचारायचं राहिलंय,” तो भोळा चेहरा करून म्हणाला. “ते घरचे मोजे शेवटी विसरलं कोण?”