माणसांसाठी हू

"माणसांसाठी हू, वस्तूंसाठी विच," असं सांगत शिरगोपीकर मॅडमनी फळ्यावर पुन्हा गाळलेल्या जागांची तीच दोन वाक्यं लिहिली. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजी शिकायला नर्सेस या क्लासला यायच्या. वर्षानुवर्षं हेच शिकवून मॅडमना स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता.

"सुवार्ता, पहिली गाळलेली जागा भर."

रात्रपाळी करून थेट क्लासला आलेली सुवार्ता बाकावर डोकं टेकून झोपली होती. मागच्या परीक्षेत ती याच व्याकरणात नापास झाली होती. मॅडम चिडून तिच्याजवळ गेल्या आणि उठवायला त्यांनी तिचा हात हलवला.

सुवार्ताचे डोळे मिटलेलेच राहिले, पण तिची बोटं मॅडमच्या मनगटावर सरकली आणि नाडीवर थांबली.

"आजी, ठोके फार पळतायत," ती झोपेतच पुटपुटली. "गोळी घेतली नाहीत ना आज?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. घरातल्या रक्तदाबाच्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण आपल्यापुरतं उठून जायचा त्यांना कंटाळा आला होता.

"नाही घेतली," त्या हळूच म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवून तिच्या शेजारी बसल्या.